नवा कॉम्प्युटर सुरूच होत नाही? कॅबिनेट उचलून आणण्याआधी हे वाचा

सुटे पार्ट घेऊन घरीच कॉम्प्युटर जोडणाऱ्या इंदूरच्या ग्राहकांसाठी. पार्ट आमच्याकडचे असोत, जेल रोडचे असोत की ऑनलाइन मागवलेले.

सगळं जोडून झालं, बटण दाबलं आणि स्क्रीन काळीच राहिली, की पहिला संशय मदरबोर्डवर (सगळे पार्ट ज्याला जोडतात तो मुख्य बोर्ड) जातो. नवा पार्ट मुळातच खराब निघतो, नाही असं नाही. पण तो निष्कर्ष शेवटचा. त्याआधी अर्धवट बसलेली रॅम, विसरलेली एखादी वायर आणि भलत्याच जागी खोचलेली मॉनिटरची केबल हे तीन गुन्हेगार तपासायचे. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलाआधी मागची विजेची केबल काढा. चार गोष्टी एकदम हलवल्या, तर कॉम्प्युटर सुरू होईलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही.

बटण दाबल्यावर नेमकं काय झालं, ते आधी नीट बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

काहीच हललं नाही

एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागे छोटा खटका असतो. उभी रेघ असलेली बाजू दाबलेली म्हणजे चालू, गोल असलेली दाबलेली म्हणजे बंद. हसू नका, हा खटका भलेभले विसरतात. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का ते बघा. यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून केबल सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा.

मग २४ पिनांचा मोठा कनेक्टर. तो बसायला घट्ट असतो आणि बोर्ड वाकेल या भीतीने लोक अर्ध्यावर सोडतात. बोर्डाच्या कडेखाली बोटांचा आधार द्या आणि क्लिप 'टक्' करून अडकेपर्यंत दाबा.

तरीही शांतताच असेल तर कॅबिनेटच्या बटणाच्या वायरी बघा. बहुतेक बोर्डांवर खालच्या उजव्या कोपऱ्यात नऊ पिनांचा जुडगा असतो. पिना दोन ओळींत, एका ओळीत पाच, दुसरीत चार. चारच्या ओळीत टोकाला जी जागा रिकामी आहे, तिला लागून असलेल्या दोन पिना पॉवर बटणाच्या. मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून घ्या, मग बटणाची वायर काढून स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना क्षणभर एकदम टेकवा. कॉम्प्युटर सुरू झाला तर बोर्ड ठणठणीत आहे, बिघाड बटणात. तोवर रीसेट बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावून काम चालवा. बटणाच्या वायरीला उलटसुलट नसतं, दिव्यांच्या वायरींना असतं.

यानेही काही झालं नाही तर एसएमपीएस एकटा तपासायचा. वीज बंद करून त्याच्या सगळ्या केबली काढा आणि कॅबिनेटचा एक पंखा थेट त्याला जोडा. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर कागदाच्या पिनेने जोडा, मग वीज द्या. सगळ्याच वायरी काळ्या असतील, तर क्लिप वरच्या अंगाला धरून मॅन्युअलमधल्या चित्रावरून १६ क्रमांकाची पिन शोधा. तीच हिरवीची जागा. पंखा फिरला तर एसएमपीएस सुरू होतो, एवढंच सिद्ध झालं. ग्राफिक्स कार्डाचा भार तो पेलेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. आणि एसएमपीएसचं झाकण कधीही उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

पंखे फिरून लगेच थांबतात

हे बहुधा शॉर्टचं लक्षण. बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब, असतात. जिथे बोर्डाला भोक नाही तिथे एखादा उरला असेल तर तो बोर्डाच्या पाठीला टेकतो. पूर्ण आकाराच्या बोर्डाला सहसा नऊ स्क्रू लागतात, छोट्याला कमी. आधी बोर्डाची भोकं मोजा, मग स्टँडऑफ. निसटून आत पडलेला स्क्रूही हाच खेळ करतो. मागच्या पत्र्याची एखादी जीभ यूएसबीच्या तोंडात शिरली नाही ना, तेही बघा.

काही सेकंद चालून बंद पडत असेल तर प्रोसेसरवरचा कूलर काढून बघा. त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म तशीच राहिलेली असू शकते. इंटेलच्या डब्यातल्या कूलरचे चारही पाय बोर्डाच्या मागून आरपार आलेले दिसले पाहिजेत. एक जरी वर राहिला तरी कूलर तिरका बसतो.

एक इशारा इथेच. मॉड्युलर (केबली सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नका. कनेक्टर बसतो, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा असू शकतो. मग एसएसडी किंवा हार्ड डिस्क जळते, आणि ते वॉरंटीत बसत नाही.

पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळी

तक्रारींचा राजा हाच. ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स (चित्र तयार करणारा भाग) आहे का ते बघा. इंटेलच्या नावाअखेर 'एफ' असेल तर ते नसतं. रायझन ५ ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. रायझन ७००० मालिकेत बहुतेकांत आहे, पण ७५००एफ मध्ये नाही. अशा प्रोसेसरवर कार्डाशिवाय चित्र येणारच नाही, बोर्डावर एचडीएमआयचं तोंड असलं तरी.

मग प्रोसेसरची वेगळी वायर. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आठ पिनांचं तोंड असतं. ते रिकामं राहिलं तर पंखे मजेत फिरतात आणि प्रोसेसर उपाशी राहतो. इथे घोटाळा होतो तो असा: ग्राफिक्स कार्डाची वायरही आठच पिनांची असते. ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रोसेसरची वायर ४ आणि ४ अशी फुटते, कार्डाची ६ आणि २ अशी. दोन्हींचे साचे वेगळे असतात, त्यामुळे बसत नसेल तर जोर करू नका.

आता रॅम. चार स्लॉट असतील आणि दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. एकच पट्टी असेल तर दुसरा. पट्टी दोन्ही टोकांना आलटून पालटून दाबा. काही बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते, तिथे बिनक्लिपची बाजू वर राहते आणि वरून बघितलं तर कळतही नाही. शंका आली की एकाच पट्टीवर सुरू करून बघा, मग दुसरीवर.

रॅम डीडीआर५ प्रकारची असेल तर इथे धीर धरायचा. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची जुळणी करतो. त्याला काही मिनिटं लागतात, कधी दहाच्याही वर, आणि मध्ये एक-दोनदा कॉम्प्युटर आपोआप बंद-चालूही होतो. उतावीळपणे बटण दाबलं की जुळणी पुन्हा पहिल्यापासून. बटण दाबा, पोह्यांची प्लेट संपवा, मग स्क्रीनकडे बघा.

बऱ्याच बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. सुरू होताना ते एकामागून एक लागून विझतात. जो लागून राहिला, त्याच्याशी अडलंय. डीरॅम म्हणजे रॅम, व्हीजीए म्हणजे कार्ड किंवा त्याची वायर. सीपीयूचा दिवा अडला तर आठ पिनांच्या वायरीनंतर बायोसचा, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचा, विचार करा. बी६६० बोर्ड जुन्या बायोसचा असेल तर तेराव्या-चौदाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर ओळखत नाही. बी४५० बोर्ड आणि रायझन ५०००, तीच कथा. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवरून, चालणाऱ्या प्रोसेसरशिवायही, बायोस बदलता येतो. फाइलचं नाव आणि यूएसबीचं तोंड मॅन्युअलमध्ये दिलंय तेच हवं. मध्ये वीज जाणार नाही अशी वेळ निवडा.

बायोसची सेटिंग पुसायची असेल तर केबल काढा, बोर्डावरची रुपयाएवढी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा आणि तेवढ्यात पॉवर बटण काही वेळ दाबून धरा.

एवढ्यानेही चित्र नाही आलं तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. बोर्ड ज्यात येतो त्या चंदेरी पिशवीवर नको, ती बाहेरून वीज वाहू शकते. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, विजेच्या दोन वायरी (२४ आणि आठ पिनांची) आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड, बास. बाहेर चाललं तर दोष कॅबिनेटमधल्या बसवणीत.

चित्र आलं, पण विंडोज नाही

बूट डिव्हाइस मिळत नाही असं लिहून आलं तर अभिनंदन, कॉम्प्युटर नीट जोडलाय. नवी एसएसडी कोरी असते, विंडोज टाकावं लागतं. एसएसडी बायोसमध्येच दिसत नसेल तर ती पूर्ण आत सरकवून स्क्रू लावलाय का ते बघा. पंख्याबद्दल इशारा येऊन अडलं तर कूलरची वायर 'सीपीयू फॅन' छापलेल्या पिनांवर हवी.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या

याचा सुरू न होण्याशी थेट संबंध नाही, पण प्रश्न त्याच दिवशी येतो. रामबाग, लोकमान्य नगरकडच्या एखाद्या जुन्या घरात तीन भोकांचं सॉकेट दिसतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. एसएमपीएसमधले फिल्टरचे बारीक कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल, दोन्हींकडून अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर २३० च्या निम्मे, ११५ व्होल्टच्या आसपास दिसतात आणि टेस्टर पेटतो. एसएमपीएस बदलून हे जात नाही. इलेक्ट्रिशियनकडून खरं अर्थिंग करून घ्या. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून देणारे भेटतात, त्यांना ते करू देऊ नका. न्यूट्रल तुटला की पूर्ण फेज कॅबिनेटवर येतो.

तरीही आणायचंच असेल तर

आधी व्हॉट्सॲपवर बटण दाबल्यापासूनचा एक मिनिटाचा व्हिडिओ आणि अडलेल्या दिव्याचा फोटो पाठवा. स्कूटरवर आणणार असाल तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळ्या खोक्यात घ्या. जड कार्ड खड्ड्यात स्लॉटच उपटतं. उंच कूलर असेल तर कॅबिनेट आडवं ठेवा, कूलरचं तोंड आकाशाकडे. बिल, पार्टांची खोकी आणि बोर्डावरच्या प्रोसेसरच्या सॉकेटचं काळं प्लास्टिकचं झाकण सोबत हवं. सॉकेटच्या पिना वाकलेल्या असतील तर कंपन्या सहसा वॉरंटी देत नाहीत, म्हणून प्रोसेसर काढलात की ते झाकण लगेच लावा.