डेसिकंट (दाबाखालची हवा कोरडी करणारे पदार्थ)

कॉम्प्रेसरमधून निघालेल्या हवेतली वाफ टिपून धरणाऱ्या सच्छिद्र, दाणेदार पदार्थांना कारखान्यांत डेसिकंट म्हणतात. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना, सिलिका जेल आणि मॉलिक्युलर सिव्ह हे त्यांतले मुख्य तीन. पाण्याचे रेणू दाण्याच्या आतल्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना चिकटतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. दाण्याचा मूळ पदार्थ बदलत नाही, म्हणून धरलेले पाणी सोडवून घेऊन तेच दाणे वर्षानुवर्षे वापरता येतात. डेसिकंटची खरी परीक्षा पाणी धरण्याइतकीच ते सोडण्यात असते.

हवेच्या लाइनमध्ये इतके पाणी येते कुठून? ठरावीक जागेत किती वाफ मावेल हे तापमानावर ठरते, हवेच्या दाबावर नाही. पावसाळ्यात कोकणातल्या लोटे किंवा महाडच्या एमआयडीसीत ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. मिनिटाला १० घनमीटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर म्हणजे तासाला साडेचौदा लिटर पाणी आत घेतो. ७ बार गेज दाबाला (म्हणजे वातावरणाहून ७ बार जास्त) हीच हवा आठव्या हिश्श्यात कोंबली जाते. आफ्टरकूलरमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरनंतर हवा गार करणाऱ्या भागात, ती ३५ अंशांवर आली की त्यातले साडेअकरा लिटर पाणी ड्रेनमधून निघून जाते. उरलेले तीन लिटर वाफ होऊन हवेबरोबर पुढे सरकते आणि पाइप थंड पडला की कुठेही टपकते. मग पाइप गंजतात, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारे) व्हॉल्व्ह अडकतात, रंगकामावर फोड येतात.

रेफ्रिजरेटेड ड्रायर हवा थंड करून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान) अधिक ३ अंशांपर्यंत आणतो. त्याखाली गेले तर पाणी त्याच्यातच गोठेल. उणे ४० किंवा उणे ७० अंश दवबिंदू हवा असेल तर डेसिकंटला पर्याय नाही. आयएसओ ८५७३-१ या मानकात पाण्याच्या बाबतीत उणे ७० हा पहिला, उणे ४० दुसरा, उणे २० तिसरा आणि अधिक ३ चौथा वर्ग आहे.

ॲल्युमिना हा या कामातला गडी. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तापवून त्यातले पाणी उडवले की पांढरे, टणक, खडबडीत गोळे मिळतात. एका ग्रॅममध्ये ३०० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. चुकून थेंबभर पाणी आले तरी ते फुटत नाहीत, म्हणून बहुतेक ड्रायरमध्ये हेच भरतात. सिलिका जेलचा पृष्ठभाग याच्या दुपटीहून जास्त असतो आणि दमट हवेत ते स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पाणी धरते. पण त्याचे काचेसारखे दाणे थेट पाण्यात पडले की तडतड आवाज करत तडकतात. निळ्याचे गुलाबी होणारे सिलिका जेल सर्वांनी पाहिलेले असते. तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा. ते कर्करोगकारक ठरल्यामुळे आता नारिंगी जेल वापरणे चांगले.

मॉलिक्युलर सिव्ह म्हणजे कृत्रिम झिओलाइट, अतिसूक्ष्म छिद्रांच्या खनिजाचा प्रकार. स्वीडनच्या क्रोनस्टेड यांनी १७५६ मध्ये एक खनिज तापवले, तेव्हा ते उकळल्यासारखे फसफसले. त्यावरून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून झिओलाइट हे नाव आले. पुणे, नाशिक, जळगाव भागांतल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणारे स्टिलबाइट आणि ह्युलँडाइट हे याच कुळातले नैसर्गिक स्फटिक. ड्रायरमध्ये मात्र कारखान्यात बनवलेले, एकसारख्या छिद्रांचे ४ए किंवा १३एक्स प्रकार लागतात. हवा जवळजवळ कोरडी असतानाही उरलीसुरली वाफ ओढण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. तळहातावर चार कोरडे दाणे घेऊन पाणी टाकले तर चटका बसेल इतके तापतात. पकड एवढी घट्ट असल्याने ते मोकळे करायला २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवावे लागते.

पाणी चिकटताना निघणारी ही उष्णताच हीटलेस (हीटर नसलेल्या) ड्रायरच्या मुळाशी आहे. त्यात दोन टॉवर असतात. एक हवा वाळवतो, तेव्हा दुसरा वातावरणाच्या दाबावर मोकळा केलेला असतो, आणि वाळलेल्या हवेचा एक हिस्सा दाण्यांतले पाणी काढायला त्यातून उलटा सोडतात. याला पर्ज म्हणतात. साधारण पाच मिनिटांनी भूमिका बदलतात. वरच्या उदाहरणात पाच मिनिटांत टॉवरमध्ये जेमतेम पाव किलो पाणी बसते, म्हणजे दाण्यांच्या ताकदीचा थोडासाच भाग खर्च होतो. पाणी चिकटताना निघालेली उष्णता बाहेर पळायच्या आत चक्र उलटते आणि तीच पाणी सोडवायला उपयोगी पडते. पर्जचे गणितही सरळ आहे. आठ पटींनी दाबलेली हवा मोकळी केली की आठपट पसरते, म्हणून तत्त्वतः साडेबारा टक्के हवा पुरते. प्रत्यक्षात सुमारे १५ टक्के सोडतात. ही पद्धत एस्सो कंपनीतले चार्ल्स स्कार्स्ट्रॉम यांच्या पेटंटमुळे (१९६०) रुळली. विजेवर कमावलेली १५ टक्के हवा सायलेन्सरमधून उडून जाते हे मोठे नुकसान आहे. हीटर लावला तर ते जवळपास निम्मे होते. ऑइल-फ्री कॉम्प्रेसरची स्वतःची गरम हवा वापरणाऱ्या ड्रायरमध्ये ते आणखी घटते. म्हणूनच जिथे अधिक ३ अंश पुरतात, तिथे उणे ४० मागू नये.

दवबिंदू चढला की आधी दाण्यांवर संशय जातो आणि नवा माल मागवला जातो. दोष बहुधा त्यांच्या आधीच्या टप्प्यात असतो. टॉवरचे झाकण उघडल्यावर वरचे दाणे पिवळट-तपकिरी आणि बोटांना चिकट लागले, तर कॉम्प्रेसरचे तेल प्रीफिल्टर (ड्रायरच्या आधीचा फिल्टर) ओलांडून आले आहे. तेलाने छिद्रे बुजली की ती तापवूनही मोकळी होत नाहीत. दाण्यांचा लगदा झाला असेल, तर साचलेले पाणी आपोआप बाहेर सोडणारा ऑटो ड्रेन बंद पडला आहे. कूलर मळला आणि हवा ३५ ऐवजी ४५ अंशांवर आली, तर वाफ दीडपटीहून वाढते, आणि गरम दाण्यांची पकडही सैल होते. दाब एका झटक्यात सोडला तर दाणे एकमेकांवर घासून पीठ होते. ते अडवायलाच ड्रायरनंतरचा फिल्टर असतो.

एअर ब्रेकच्या ट्रक-बसमध्येही हेच तंत्र लहान डब्यात बसवलेले असते. टाकी भरली की गाडीखालून ‘फुस्स’ आवाज येतो, तेव्हा कार्ट्रिजमधले दाणे पाणी बाहेर टाकत असतात.