तळण, इंडक्शन शेगडीवरील

इंडक्शन शेगडीवर तेलाचे वा तुपाचे तापमान ठरावीक मर्यादेत राखून पदार्थ तळण्याची घरगुती पद्धत. काचेखालील तांब्याच्या गुंडाळीतून उच्च वारंवारतेचा (सामान्यतः २० किलोहर्ट्‌झपेक्षा अधिक) विद्युत्‌ प्रवाह वाहतो आणि त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचा तळच तापतो.

यामागील विद्युत्‌ चुंबकीय प्रवर्तनाचे (इंडक्शनचे) तत्त्व मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधले. स्वयंपाकासाठी त्याचा वापर करण्याची एकस्वे (पेटंटे) विसाव्या शतकाच्या आरंभीची आहेत. पहिली शेगडी कोणाची याविषयी मात्र मतभेद आहेत. १९५० च्या दशकाच्या मध्यास जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागाने भांड्याखाली वर्तमानपत्र ठेवून पाणी उकळून दाखवले होते, पण ती शेगडी बाजारात आली नाही. वेस्टिंगहाउसने १९७१ च्या सुमारास दाखवलेली शेगडी पुढे विक्रीस आली. घरगुती वापराचा आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

तळ तापण्याचे श्रेय काही लोकप्रिय लेखनात लोखंडाच्या चुंबकीय मंदायनाला (हिस्टेरेसिस; चुंबकनाची दिशा वारंवार बदलताना उष्णतेच्या रूपात होणारा ऊर्जाव्यय) दिले जाते. त्याचा वाटा असतो, पण तो गौण. मुख्य उष्णता भोवरा प्रवाहांची, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या धातूत फिरणाऱ्या विद्युत्‌ प्रवाहांची होय. २५ किलोहर्ट्‌झला हे प्रवाह लोखंडात पृष्ठभागाच्या सु. ०·१ मिमी. थरात कोंडले जातात, त्यामुळे रोध वाढतो. ॲल्युमिनियममध्ये ते सु. ०·५ मिमी. खोल पसरतात आणि त्याची रोधकताही कमी असते. म्हणून नेहमीची ॲल्युमिनियमची कढई या शेगडीवर चालत नाही. गोल बुडाच्या लोखंडी कढईचा तळ काचेला पुरेसा टेकत नाही. सपाट बुडाचे जाड लोखंडी भांडे उत्तम.

सर्वसाधारण शेगडीवर दिसणारा अंश तेलाचा नसतो. तापमान मोजणारा थर्मिस्टर काचेच्या खालच्या बाजूस टेकलेला असतो, म्हणजे उष्णता आधी भांड्यातून काचेत व मग थर्मिस्टरपर्यंत यावी लागते. परिणामी आरंभी तळ नेमलेल्या तापमानापुढे जातो. बूड किंचित वाकलेले असल्यास फरक आणखी वाढतो. कमी आचेवर अनेक शेगड्या चालू-बंद होत राहतात, तेव्हा थोडे तेल असल्यास चकलीचा रंग घाण्यागणिक बदलतो. काही महागड्या शेगड्यांना तेलात बुडवण्याची सळई असते. ती नसल्यास तळणाचा स्वतंत्र तापमापक वापरणे हाच विश्वसनीय मार्ग.

तापमान राखण्यातील खरी अडचण पदार्थातील पाण्याची. ५० ग्रॅ. पाण्याची वाफ होण्यास सु. ११३ किलोजूल उष्णता लागते. ती सगळी एक लिटर तेलातूनच घेतली गेली, तर तेल सु. ६०° से. ने उतरेल. २,००० वॉटची शेगडी ही तूट मिनिटाच्या आसपास भरून काढू शकते, मात्र पुढचा घाणा तोवर थांबला पाहिजे.

बहुतेक तळण १६० ते १९०° से. दरम्यान होते. पुरीला वरची मर्यादा, अनारशाला मंद आच. पिष्टमय पदार्थांत १२०° से. वर ॲक्रिलामाइड हे संभाव्य कर्करोगकारक रसायन तयार होते, हे २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधनामुळे प्रथम ठळकपणे पुढे आले. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमात बटाट्याच्या फ्राइजसाठी तेल १७५° से. खाली ठेवण्यास सांगितले आहे. भारतात खाद्य व्यवसायांसाठी तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची (तेल तापून खराब होताना वाढणाऱ्या पदार्थांची) कमाल मर्यादा २५ टक्के असून ती १ जुलै २०१८ पासून लागू आहे.