तांदळाच्या बुरशीतून आलेली कोलेस्टेरॉलची गोळी

कुठल्याही मेडिकलमधे दहा मिनिटं उभं राहा, एक तरी माणूस ॲटोर्व्हास्टॅटिन नाहीतर रोझुव्हास्टॅटिनचं पाकीट मागताना दिसतोच. आमच्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून ते पाकीट आमच्याही फ्रिजवरच्या डब्यात आहे, पण ही गोळी मुळात कोणी शोधली हे मला बरीच वर्षं माहीतच नव्हतं. पेनिसिलिन म्हटलं की शाळेतली पोरंसुद्धा फ्लेमिंगचं नाव सांगतात, मग स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या या गोळ्या, म्हटल्यावर जपानी शास्त्रज्ञ आकिरा एंडो हे नाव का येऊ नये? म्हणून हे लिहितोय.

एंडोंच्या आधीची गोष्ट थोडक्यात सांगतो. कोलेस्टेरॉल हा पदार्थ सापडला पित्ताशयातल्या खड्यांमधे, 18व्या शतकात. पुढे 1913 साली रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खायला घालून त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साठतात हे दाखवलं. मग कोनराड ब्लॉख आणि फेओडोर लिनेन यांनी शरीर स्वतः कोलेस्टेरॉल कसं बनवतं ती अख्खी साखळी उलगडली, एका साध्या ॲसिटेटपासून सुरू होऊन तीसेक पायऱ्या, त्याबद्दल दोघांना 1964चं नोबेल मिळालं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, माणसाच्या अंगातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, शरीरच बनवतं आणि त्यात लिव्हरचा वाटा मोठा. म्हणजे नुसतं तूप-अंडी बंद करून भागत नाही, कारखान्यातलं उत्पादनच कमी करायला पाहिजे.

तसा प्रयत्न झालाही होता. अमेरिकेत ट्रायपॅरॅनॉल नावाचं औषध 1960 च्या आसपास बाजारात आलं, ते साखळीची अगदी शेवटची पायरी अडवायचं. त्यामुळे कोलेस्टेरॉल कमी व्हायचं पण त्याच्या आधीचा पदार्थ अंगात साठत जायचा, लोकांना मोतीबिंदू झाले, केस गळले, आणि 1962 मधे ते औषध मागे घ्यावं लागलं. त्यानंतर कोलेस्टेरॉलची निर्मिती अडवणं हेच मुळात धोक्याचं, असं मत बऱ्याच जणांचं झालं होतं.

एंडो जन्मले 1933 साली, उत्तर जपानमधल्या आकिता प्रांतात, शेतकऱ्याच्या घरात. आजोबांना औषधपाण्याची आवड, त्यांनी नातवाला लावली. त्या भागात एक अळंबी मिळते, तिच्यामुळे माशा मरतात पण माणसं ती खातात आणि त्यांना काही होत नाही, याचं या मुलाला फार कुतूहल. पुढे सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिकताना फ्लेमिंगचं चरित्र वाचलं आणि बुरशीचा नाद पक्का झाला. 1957 मधे ते टोकियोत सांक्यो कंपनीत लागले, तिथलं पहिलं काम म्हणजे फळांचा रस गढूळ राहू नये म्हणून त्यातलं पेक्टिन तोडणारं एन्झाइम बुरशीतून काढायचं. द्राक्षांवरच्या एका बुरशीत ते सापडलं, कंपनीने विकलंसुद्धा, आणि त्या यशामुळेच एंडोंना परदेशी जायला मिळालं.

1966 ते 68 ते न्यूयॉर्कला अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधे होते. राहायला ब्राँक्समधे, आजूबाजूच्या इमारतींमधे बरीच म्हातारी जोडपी, आणि हार्ट अटॅक आलेल्या कोणा म्हाताऱ्या माणसाला न्यायला ॲम्ब्युलन्स येताना त्यांना वारंवार दिसायची. इतकी जाड माणसं आणि असलं चरबीचं जेवण त्यांनी जपानमधे पाहिलेलं नव्हतं. परत आले ते हाच विषय डोक्यात घेऊन.

आता त्यांचा विचार कसा होता ते बघा, मला सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग. आपल्या पेशींच्या आवरणाला कोलेस्टेरॉल लागतं तसं बुरशीच्या पेशींना एर्गोस्टेरॉल लागतं, आणि दोन्ही बनवायची साखळी सुरुवातीला एकच आहे. बुरशी एका जागची हलू शकत नाही, मग शेजारच्या शत्रूशी ती रसायनं सोडूनच लढते, पेनिसिलिन तसंच आहे. तर मग एखाद्या बुरशीने शत्रूची स्टेरॉलची साखळीच तोडणारं रसायन बनवलं असेल की! आणि ते साखळीच्या सुरुवातीलाच, एचएमजी-कोए रिडक्टेज या एन्झाइमवर घाव घालत असेल तर फारच उत्तम, कारण सगळ्या साखळीचा वेग तिथेच ठरतो आणि त्याआधीचा माल पाण्यात विरघळणारा, शरीर तो दुसरीकडे वापरून टाकतं, ट्रायपॅरॅनॉलसारखा तुंबून राहत नाही.

1971च्या एप्रिलमधे काम सुरू झालं, सोबत मासाओ कुरोदा आणि दोन मदतनीस, बस एवढीच टीम. उंदराच्या लिव्हरचा अर्क घ्यायचा, त्यात किरणोत्सारी कार्बन असलेलं ॲसिटेट टाकायचं, बुरशी वाढवलेल्या पाण्याचा थोडा अंश टाकायचा आणि किती कार्बन स्टेरॉलपर्यंत पोचला ते मोजायचं. जिथे अडला तिथे पुढची परीक्षा, रिडक्टेजच्या पलीकडचं मेव्हलोनेट हातात दिल्यावर गाडी पुढे जाते का? जात असेल तर अडथळा अलीकडे आहे, म्हणजे आपल्याला हवा तिथेच. असं एकेक करत दोन वर्षांत साधारण 6000 नमुने. पहिलं जे हाती लागलं ते सिट्रिनिन, ते किडनीला विषारी निघालं. मग 1972च्या उन्हाळ्यात क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरून घेतलेली पेनिसिलियम सिट्रिनम ही निळसर हिरवी बुरशी, शिळ्या भातावर किंवा लिंबावर धरते त्याच जातकुळीतली, तिच्या अर्काने साखळी जोरात अडली. 1973च्या जुलैमधे त्यातला पदार्थ शुद्ध करून मिळाला, पुढे तो कॉम्पॅक्टिन म्हणून ओळखला गेला. त्याचा एक भाग एन्झाइमच्या नेहमीच्या मालासारखाच दिसतो, त्यामुळे एन्झाइम फसतं आणि खऱ्या मालापेक्षा जवळपास दहा हजार पट घट्ट त्यालाच धरून बसतं.

आणि मग उंदरांना दिलं तर काहीच नाही, रक्तातलं कोलेस्टेरॉल जागचं हलेना! दुसरी कोणतीही कंपनी असती तर फाइल बंद झाली असती, इथेही तीच वेळ आली होती. कारण नंतर कळलं, उंदराचं लिव्हर अडवलेल्या एन्झाइमची भरपाई म्हणून तेच एन्झाइम कितीतरी पटीने जास्त बनवतं, शिवाय उंदराच्या रक्तात आपल्यासारखं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, फारसं नसतंच.

1976च्या सुरुवातीला एंडोंची लॅबजवळच्या एका बारमधे नोरितोशी कितानो या सहकाऱ्याशी गाठ पडली, ते त्यांच्या कामासाठी अंडी घालणाऱ्या कोंबड्या पाळत होते. एंडोंच्या मनात आलं की अंड्यात एवढं कोलेस्टेरॉल असतं म्हणजे कोंबडी ते भरपूर बनवत असणार. कोंबड्यांच्या खाद्यात 0.1 टक्का कॉम्पॅक्टिन मिसळलं आणि दोन ते चार आठवड्यांत रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं. पुढे कुत्र्यांत, माकडांतही उतरलं. त्या संध्याकाळी ते दोघं भेटले नसते तर काय झालं असतं हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तरी 1977 मधे उंदरांच्या लिव्हरमधे काहीतरी स्फटिकासारखं दिसलं म्हणून काम पुन्हा थांबायला आलं. तेव्हा ओसाकाचे डॉ. आकिरा यामामोतो पुढे आले, त्यांच्याकडे 18 वर्षांची एक मुलगी होती, आईवडील दोघांकडून आलेला आनुवंशिक दोष, कोलेस्टेरॉल 1000च्या घरात. 1978च्या फेब्रुवारीत तिला कॉम्पॅक्टिन सुरू केलं. कोलेस्टेरॉल उतरलं पण स्नायूंत अशक्तपणा आला, डोस कमी केला, मग बाकीच्या पेशंटना बेताने देऊन पाहिलं तर सरासरी 30 टक्क्यांच्या आसपास घट आणि मोठा त्रास नाही. आजही स्टॅटिन घेणाऱ्याला डॉक्टर विचारतात ना, हातपाय दुखतात का, त्याची सुरुवात या पहिल्याच मुलीपासून आहे.

त्याच सुमारास डॅलसला मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी लिव्हर रक्तातलं एलडीएल कोणत्या रिसेप्टरने, म्हणजे पेशीवरच्या कोणत्या पकडीने, ओढून घेतं ते शोधलं होतं, त्यांनी एंडोंकडे कॉम्पॅक्टिन मागितलं आणि एंडोंनी पाठवलं. हळूहळू चित्र स्पष्ट झालं, लिव्हरचं स्वतःचं उत्पादन अडवलं की ते बाहेरून एलडीएल ओढायला जास्त रिसेप्टर लावतं, रक्त त्यामुळे साफ होतं. ब्राउन-गोल्डस्टाइनना 1985चं नोबेल मिळालं, ते योग्यच होतं, पण त्या यादीत एंडो नाहीत हे मला अजून पटत नाही.

1978च्या शेवटी एंडोंनी कंपनी सोडून टोकियोच्या कृषी आणि तंत्रज्ञान विद्यापीठात काम सुरू केलं. 1979 मधे त्यांना मोनास्कस या लाल बुरशीतून मोनाकोलिन के मिळालं. अमेरिकेतल्या मर्क या औषध कंपनीत आल्फ्रेड आल्बर्ट्स यांच्या टीमला 1978च्या नोव्हेंबरमधे ॲस्परजिलस बुरशीतून जे मिळालं होतं तेही तेच रसायन, लोव्हास्टॅटिन, कॉम्पॅक्टिनपेक्षा फक्त एका मिथाइल ग्रुपचा, म्हणजे चारच अणूंच्या एका गटाचा फरक. 1980 मधे जास्त डोस दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यात गाठी दिसल्या म्हणून सांक्योने कॉम्पॅक्टिन सोडून दिलं, ते कधीच बाजारात आलं नाही. लोव्हास्टॅटिनला मात्र 1987च्या सप्टेंबरमधे अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि 1994 मधे 4444 पेशंटच्या स्कँडिनेव्हियन चाचणीत सिम्व्हास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनने एकूण मृत्यू 30 टक्क्यांनी कमी झाले, तेव्हा कोलेस्टेरॉल उतरवून उपयोग काय हा वाद बराचसा मिटला.

एंडोंना 2006 मधे जपान प्राइझ आणि 2008 मधे वैद्यकातला अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, स्टॅटिनच्या विक्रीतून मात्र त्यांना पैसा मिळाला नाही. 5 जून 2024 ला, वयाच्या 90व्या वर्षी ते गेले. ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली, त्यांनी डब्यातलं पाकीट काढलं, उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, परत एकदा सांग रे, नाव काय म्हणालास त्यांचं?