पाचव्या दिवशी बाळाला परत का बोलावतात?

माझ्या भाचीला गेल्या जुलैत फोंड्यात मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी फाइलवर दोन दिवसांनंतरची तारीख घातली आणि घरात कुरबूर सुरू झाली. बाहेर धो धो पाऊस, घरात सोयर, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सटी. "कालच नखशिखांत तपासली ना तिला? सगळं बरं आहे म्हणाले. मग परत कशाला?" घरातल्या वडीलधाऱ्या माईंचा प्रश्न. खरं तर रास्त प्रश्न.

ती कालची तपासणी मी पाळण्याशेजारी उभी राहून पाहिली होती. डॉक्टरांनी आधी बाळाला हातच लावला नाही. झोपेतच रंग पाहिला, श्वास मोजले, तेही घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर. नवजात बाळ भराभर श्वास घेतं, मधेच काही क्षण थांबतं; पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर हिशेब चुकतो. मिनिटाला 40 ते 60 हे ठीक. मग बाळ जागं व्हायच्या आत स्टेथोस्कोप. डोक्यावरच्या मऊ टाळूवरून बोट, तोंडात आतल्या टाळूवरून बोट, डोळ्यांत उजेड टाकून बाहुलीतली लाल चमक. लालऐवजी पांढरं दिसलं तर मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठ असू शकते. पाठीखालचा निळसर डाग पाहून भाची दचकली, पण तो आपल्याकडच्या कितीतरी बाळांना असतो आणि पुढे आपोआप फिका पडतो.

खुबे सगळ्यात शेवटी, कारण तिथे बाळ हमखास रडतं. गुडघे दुमडून अंगठा मांडीच्या आतून, मधलं बोट खुब्याच्या बाहेरच्या हाडावर, आणि मांड्या हलकेच बाहेर उघडायच्या. सांधा निसटलेला असेल तर हाडाचा गोळा परत खोबणीत बसताना बोटाला गचका जाणवतो. इटलीतल्या ओर्तोलानी नावाच्या बालरोगतज्ज्ञाने 1937 मध्ये मांडलेली ही युक्ती; आजही तिला हातच लागतात. पायाळू जन्मलेल्या बाळांत आणि मुलींत हा दोष जास्त. म्हणूनच बाळाचे पाय ओढून, सरळ करून घट्ट गुंडाळणं वाईट. त्यापेक्षा कडेवर घेण्याची आपली पद्धत खुब्यांना मानवते.

एवढं पाहूनही "सगळं बरं" याचा अर्थ "आजपुरतं बरं" असाच असतो. कारण तपासलं जाणारं शरीर अजून बदलतं आहे.

पोटात असताना बाळाची फुप्फुसं काम करत नाहीत. त्यांच्याकडे निघालेलं बरंचसं रक्त एका आखूड आडवाटेने थेट महारोहिणीत, म्हणजे शरीराकडे जाणाऱ्या मुख्य धमनीत उतरतं. जन्मानंतर प्राणवायू वाढला की ही वाट आकसते आणि बहुतेक बाळांत दोन-तीन दिवसांत बंद होते. पण महारोहिणी पुढे चिंचोळी असेल, तर शरीराच्या खालच्या भागाला या वाटेचाच आधार असतो. ती उघडी आहे तोवर बाळ गुलाबी, दूध पिणारं. बंद झाली की पाय गार पडतात, धाप लागते. म्हणून डॉक्टर जांघेत बोट ठेवून नाडी शोधतात, आणि रक्तातला प्राणवायू मोजणारी चिमटी उजव्या हाताला नि एका पायाला अशी दोन्हीकडे लावतात. उजव्या हाताचं रक्त त्या आडवाटेच्या आधीच फुटतं, पायाचं नंतर. दोन आकड्यांत मोठा फरक म्हणजे शंका. तरी पहिल्या दिवशी ठीक असलेली नाडी पाचव्या दिवशी क्षीण झालेली सापडू शकते.

थायरॉइड या गळ्यातल्या ग्रंथीचंही तसंच. जन्माच्या धक्क्याने तिला चालना देणारं संप्रेरक एकदम उसळतं नि मग उतरतं, म्हणून टाचेतून रक्ताचे थेंब शक्यतो 48 तास उलटल्यावर घेतात. गोव्याने 2008 मध्येच सरकारी इस्पितळांत नवजातांसाठी अशी रक्तचाचणी सुरू केली होती. दोष वेळेत सापडला तर रोजच्या एका गोळीने मुलाची बुद्धी वाचते.

आणि कावीळ. पहिल्या 24 तासांत दिसली तर ती नेहमीच गंभीर समजायची. एरवी ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावर उमटते, खाली उतरते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणजे नेमकी घरी गेल्यावर. "कोवळ्या उन्हात धरा" हा सल्ला जुलैच्या गोव्यात तसाही हास्यास्पद, पण उन्हाळ्यातही त्यावर विसंबू नये. इस्पितळातला निळा प्रकाश कातडीतल्या पिवळ्या द्रव्याची घडण बदलतो, म्हणून ते यकृताची वाट न बघता शरीराबाहेर जातं. खिडकीतल्या उन्हाची मात्रा कोण मोजणार?

माई नेमके हेच दिवस जपू पाहत होत्या, याची मला गंमत वाटते. नवजात बाळाला धनुर्वात गाठतो तो बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात. बाळंतपणातला धनुर्वात भारतातून हटल्याचं जाहीर झालं ते 2015 साली. सटीच्या रात्रीचं जागरण उगाच आलं नसावं, असं आपलं माझं मत.

पाचव्या दिवशी आम्ही छत्र्या सांभाळत गेलो. वजन 2,900 वरून 2,720 ग्रॅम. माईंचा चेहरा पडला, पण पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंतची घट बहुधा पाण्याची असते. दोन आठवड्यांत ती भरून यायला हवी. डॉक्टरांनी बाळाला खिडकीजवळ नेलं, छातीवर बोट दाबून उचललं, पिवळा ठसा पाहिला, यंत्रावर आकडा घेतला. उपचाराच्या रेषेच्या खाली. जांघेतली नाडी दोन्हीकडे सारखी.

संध्याकाळी माईंनी दुसऱ्या दिवशीच्या सटीसाठी कोरा कागद नि पेन काढून ठेवलं. मग तेच पेन घेऊन कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरच्या लशीच्या तारखेला गोल केला. त्या भेटीत हृदय पुन्हा ऐकायचं आहे: फुप्फुसांतला दाब तोवर पुरता उतरतो, आणि हृदयाच्या पडद्यात छिद्र असलं तर त्याचा आवाज कधी कधी तेव्हाच पहिल्यांदा ऐकू येतो.