हुद्दा पाहून जोडीदार निवडला जातो का?

‘स्त्रिया केवळ हुद्दा आणि पगार पाहतात, पुरुषांना मात्र स्त्रीच्या करिअरशी देणेघेणे नसते’, हे विधान वर्षानुवर्षे पुढे पाठवले जाते. त्यात सत्याचा अंश असल्यामुळेच ते पटते; म्हणून तो अंश आधी नीट पाहू.

1989 साली प्रसिद्ध झालेल्या, 37 समाजगटांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात, जोडीदाराच्या कमाईच्या क्षमतेला स्त्रियांनी पुरुषांपेक्षा सरासरीने अधिक महत्त्व दिले, आणि हा फरक 36 गटांत स्पष्ट दिसला. पण स्त्रियांनी पुरुषांपेक्षा अधिक महत्त्व देणे म्हणजे त्यांनी त्याच गोष्टीला सर्वांत वरचे स्थान देणे नव्हे, आणि गफलत नेमकी इथेच होते. त्याच अभ्यासात गुणांचा क्रम लावताना स्त्री-पुरुष दोघांनीही समजूतदार, प्रेमळ स्वभाव आणि बुद्धिमत्ता यांना कमाईच्या वर ठेवले होते.

विधानाचा दुसरा भागही टिकत नाही, कारण अनेक देशांत विवाह बहुधा समान शिक्षण असलेल्यांमध्येच होतात. शिक्षण आणि करिअर यांचे नाते उघड आहे.

पडताळणी सोपी आहे. जोडीदारात काय हवे ते आधी कागदावर लिहावे, मग ज्या व्यक्तींकडे आपण खरोखर ओढले गेलो त्यांचे गुण शेजारी मांडावेत. दोन्ही याद्या अनेकदा जुळत नाहीत. प्रत्यक्ष भेटीत संवादाची सहजता आणि मिळणारा आदर हुद्द्यापेक्षा जास्त बोलतात, असे मला मनापासून वाटते.