मिथेन करणारे आणि मिथेन खाणारे

सकाळी कचऱ्याची गाडी आली की आमच्या इंदुरात कांद्याची सालं, चहाचा चोथा, उरलेसुरले पोहे असा सगळा ओला कचरा तिच्यात जातो आणि तिथून देवगुराडियाच्या प्लांटमध्ये. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या या प्लांटची क्षमता दिवसाला ५५० टन. तिथल्या बंद टाक्यांत हवेविना मिथेन तयार करतात ते जीव म्हणजे आर्किया. दिसायला जिवाणूंसारखे, पण कूळ निराळं. हे निराळेपण कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं.

खोल समुद्रातल्या गाळात याच कुळातले जीव लाखो वर्षं हाच उद्योग करत आलेत. तिथल्या थंडीत आणि दाबाखाली पाण्याचे रेणू मिथेनभोवती पिंजरा करतात. तेच बर्फासारखं मिथेन हायड्रेट. एक घनमीटर बर्फात साधारण १६० घनमीटर वायू. ढेकळाला काडी लावली तर वर ज्योत, खाली पाण्याचे थेंब! १९३४ मध्ये अमेरिकेत गॅसच्या पाइपलाइनी तुंबवणारा बर्फ असलाच निघाला, तेव्हा ती नुसती डोकेदुखी होती. २००६ मध्ये आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यात समुद्रतळ खोदला तो मात्र इंधनाच्या आशेने.

खरं कोडं वेगळंच होतं. तळातून वर येणारा मिथेन पाण्यात पोचण्याआधीच बराचसा गायब होतो, हे १९७० च्या दशकातच भूरसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं. तिथे ऑक्सिजन नाही, मग खातं कोण? ऑक्सिजनविना कुणी मिथेन खात असेल, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना पटेना. तसा जीव कुणी वाढवून दाखवलाच नव्हता. मधल्या काळात, १९९७ मध्ये, मेक्सिकोच्या आखातात हायड्रेटवर बिळं करून राहणारे गुलाबी किडे सापडले आणि भाव खाऊन गेले.

उत्तर २००० मध्ये आलं. अमेरिकेतल्या ओरेगॉनसमोर, हायड्रेट रिज या समुद्रतळावरच्या उंचवट्यावरच्या गाळात आंत्ये बोएटियस आणि सहकाऱ्यांना पेशींचे झुबके दिसले: आत शंभरेक आर्किया, भोवती सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचं कडं. आतले मिथेन खातात. देवगुराडियातली रासायनिक साखळीच उलटी फिरवतात म्हणा ना. बाहेरचे त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन सल्फेटवर खर्च करतात. मिळणारी ऊर्जा चिमूटभर, तीही दोघांत वाटून.

एवढी वर्षं हे हाती का लागले नाहीत, तेही यातच आलं. आपलं विरजण रात्रीत लागतं. यांच्या पेशी दुप्पट व्हायला कित्येक महिने जातात.