बे विंडोच्या खोलीतला गारठा: पार्श्वभूमी

पुण्यात पाषाण-शिवाजीनगरचा पारा दहाच्या खाली उतरला की सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: बाकी घर ठीक आहे, मग बे विंडोची, म्हणजे भिंतीबाहेर काढलेल्या खिडकीची, खोलीच एवढी गार का?

पुण्याला थंडी नवी नाही. जानेवारी १९३५ मध्ये इथे १.७ अंशांची नोंद आहे. तेव्हाची घरं जाड भिंतींची, लहान खिडक्यांची, आत शेगडी पेटलेली. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठच्या पेठांतले बरेच वाडे गेले, आरसीसीचे सांगाडे उभे राहिले, भिंती पातळ झाल्या. बे विंडो आली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, बिल्डरच्या ब्रोशरमधून.

आणि घोळ नावापासूनच आहे. विलायती घरातली खरी बे विंडो जमिनीपासून, पायासकट उठते. भिंतीतून अधांतरी बाहेर आलेल्या खिडकीला तिकडे ओरिएल म्हणतात. आपल्याकडे आहे ती बहुतेक ओरिएलच: खोलीच्या फरशीपासून दीड-दोन फुटांवर कट्टा, वर पातळ स्लॅब, पुढे काच. पण ब्रोशरला ‘बे’ शोभतं. फरक नुसता शब्दाचा नाही. अधांतरी कट्ट्याला वारा खालून, वरून, दोन्ही बाजूंनी लागतो. त्यावर बसवलेला ग्रॅनाइट पहाटे हात लावून पाहावा.

ही खिडकी एवढी फोफावली ती उजेडासाठी, असं बिल्डर सांगत. खरं कारण हिशेबात होतं. मुंबईत बे विंडो, फ्लॉवर बेड अशा जागा एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या मर्यादेच्या, बाहेर धरल्या जात. मग भिंत फोडून त्याच जागा खोलीत जात. जानेवारी २०१२ मध्ये तिथला नियम बदलला. या जागा मोजणीत आल्या आणि बदल्यात घरांसाठी, प्रीमियम (जादा शुल्क) भरून, ३५ टक्क्यांपर्यंत ‘फंजिबल’, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा, एफएसआय मिळाला. तेव्हा एका बाजूने घरं महागतील अशी ओरड झाली, दुसऱ्या बाजूने चोरवाट बंद झाली असं म्हटलं गेलं. पुण्यासह राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली लागू आहे. तीत बाल्कनीसकट सगळं ‘पी-लाइन’च्या (मजल्याच्या बाहेरच्या कडेच्या रेषेच्या) आत मोजतात आणि घरांना प्रीमियमवर ६० टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र देतात. रेरा या घरखरेदीच्या कायद्यातल्या कार्पेटच्या (घरातल्या वापरायच्या क्षेत्राच्या) व्याख्येत बाल्कनी वगळल्याचं स्पष्ट लिहिलंय. बे विंडोचं तिथे नावच नाही. इतकी वर्षं वाद झाला तो चौरस फुटांचा. जी जागा खोली म्हणून मोजायचीच नव्हती, ती खोलीसारखी बांधणार कोण?

घरांसाठीची ऊर्जा संहिता पहिल्यांदा आली ती २०१८ मध्ये. थंड प्रदेश सोडले तर तिचा मुख्य भर बाहेरची उष्णता आत येऊ न देण्यावर आहे. डिसेंबरात दुपारी तीस आणि पहाटे दहा अंश, अशा गावाची रात्र त्यात कुणाच्या खिजगणतीत नाही. एकेरी काचेतून साध्या नऊ इंची विटेच्या भिंतीच्या अडीच-तीनपट उष्णता निसटते, हे मात्र जुनंच ज्ञान.

त्यामुळे हल्ली उपाय उलटे निघालेत. पडद्याचा रॉड काचेला लागून न लावता कट्ट्याच्या आतल्या कडेला लावायचा, म्हणजे रात्रीपुरती बे विंडो खोलीबाहेर. खिडकी दक्षिणेला असेल तर दिवसभर पडदा उघडा, कारण या दिवसांत दुपारचं ऊनही तिरपं येतं आणि खोलवर पोचतं. दोन हजार वॅटचा हीटर पूर्ण चालला तर तासाला दोन युनिट खातो. पडद्याआधी तो लावणं म्हणजे पर्वतीला शेगडी दाखवणं.

उरली फट. स्लायडिंगच्या झिजलेल्या ब्रश-पट्ट्या ॲल्युमिनियमवाला तासाभरात बदलतो. ट्रॅकमधली पाणी जायची भोकं लोक टेपने बंद करतात, तेही चालतं, फक्त मे संपायच्या आत टेप काढायची. आमची गेल्या वर्षी राहिली. जूनच्या पहिल्याच पावसात गादी उन्हात टाकायची वेळ आली, आणि ऊन नव्हतं.